‘लायसन्स रद्द होईल का?’ वैद्यक परिषदेकडे जाण्याआधी हातात काय हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये आईचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसायला लागले. परळच्या मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर पित्तनलिकेला इजा झाल्याचं कळलं आणि दुसरं, मोठं ऑपरेशन करावं लागलं. याला पाच महिने झाले. नर्सिंग होम डिस्चार्ज कार्डापलीकडे एक कागद द्यायला तयार नाही. सर्जनचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकलं तर सापडत नाही. तुमचं विचारणं असं, की हा डॉक्टर बोगस आहे का, परिषदेकडे तक्रार केली तर त्याचं लायसन्स रद्द होईल का, आणि झालेला खर्च परत मिळेल का?

हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची दारं वेगळी आहेत. परिषदेकडची तक्रार यातल्या फक्त मधल्या प्रश्नाचं उत्तर देते, तेही तुम्हाला वाटतंय त्या रूपात नाही. बहुतेक तक्रारी फसतात त्या इथेच. पानपानभर संताप असतो, पण कोणत्या डॉक्टरने कोणत्या दिवशी काय केलं किंवा काय करायचं राहिलं, हे एका ओळीत सापडत नाही. परिषद माणसाची नोंद ठेवते, माणसाचं वर्तन तपासते आणि शिक्षाही माणसालाच करते. नर्सिंग होमवर तिचा थेट अधिकार नाही. ‘अमुक हॉस्पिटलविरुद्ध’ अशा मथळ्याचा अर्ज तिथे गेला, की पहिली विचारणा येते ती डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक यांची.

आधी नोंदणीचं बघू. आपण बोलताना लायसन्स म्हणतो, कायदा नोंदणी म्हणतो. महाराष्ट्रात ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदवही महाराष्ट्र वैद्यक परिषद ठेवते. ती १९६५ च्या राज्य कायद्याने चालते आणि वर देशपातळीवर २०१९ च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. विद्यार्थी एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाला की त्याला तात्पुरती नोंदणी मिळते. ती फक्त वर्षभराच्या इंटर्नशिपपुरती असते. इंटर्नशिप झाली की कायम नोंदणी. पुढे एमएस, एमडी किंवा डीएनबीसारखी पदव्युत्तर पदवी घेतली की ती पात्रता त्याच क्रमांकापुढे वेगळी चढवून घ्यावी लागते. परदेशातून शिकून आलेल्याला एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा पास झाल्याशिवाय या रांगेत उभं राहता येत नाही. ‘कायम’ म्हटलं तरी नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत सीएमईचे (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे) ३० क्रेडिट पॉइंट लागतात.

आता तुमच्या डॉक्टरचं नाव का सापडत नाही? बोगस हे एक कारण झालं, आणि नर्सिंग होममध्ये ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या बाबतीत ते शेवटी तपासायचं. नोंद पदवीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने असते. पाटीवर नुसतं आडनाव आणि आद्याक्षरं, नोंदवहीत वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. बाई डॉक्टर असेल तर पाटी सासरच्या नावाची आणि नोंद माहेरच्या, हे सर्रास दिसतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं ‘एच’ इकडचं तिकडे झालं तरी शोध रिकामा येतो. डॉक्टरची मूळ नोंदणी दुसऱ्या राज्यातली असू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो मुळात या परिषदेच्या नोंदवहीतला नसूही शकतो, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या परिषदेचा असू शकतो.

म्हणून नावाने शोधू नका, क्रमांकाने शोधा. आईची जुनी चिठ्ठी, बिल किंवा पावती काढा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने प्रिस्क्रिप्शन, प्रमाणपत्र आणि पैशाची पावती या तिन्हींवर नोंदणी क्रमांक टाकायला हवा. क्रमांकाची ठेवण पाहिली तरी बरंच कळतं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे अलीकडचे क्रमांक साल, महिना आणि अनुक्रमांक असे तिरप्या रेघांनी तोडलेले असतात, म्हणजे २००९/०५/ आणि पुढे आकडा. जुन्या डॉक्टरांचे नुसते पाच आकडी आहेत. सुरुवातीला ‘आय’ आणि शेवटाकडे ‘ए’ असं अक्षर असेल तर ती आयुर्वेदाची नोंद, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची. ‘ए’ आणि पुढे आकडे असा क्रमांक बहुधा दंतवैद्याचा. घोळ होतो तो नुसत्या पाच आकडी क्रमांकाचा, कारण होमिओपॅथीचे क्रमांकही तसेच असतात. तोच आकडा वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकला तर दुसऱ्याच कुणाचं नाव येईल आणि तुम्ही त्याला तोतया ठरवून मोकळे व्हाल. नाव आणि क्रमांक दोन्ही जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. हल्ली परिषदेने डॉक्टरांना क्यूआर कोडही दिला आहे. दवाखान्यात तो लावलेला असेल तर फोनने स्कॅन केला की नोंद समोर येते.

ऑनलाइन काहीच हाती लागलं नाही तर परिषदेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘हा डॉक्टर खरा आहे का’ असं विचारू नका. त्याला माहिती म्हणत नाहीत, मत म्हणतात, आणि उत्तरही तसंच येतं. विचारा: या नावाची किंवा या क्रमांकाची नोंद आहे का, नोंदणीचा दिनांक काय, नूतनीकरण कधीपर्यंत वैध आहे, कोणत्या अतिरिक्त पात्रता नोंदवलेल्या आहेत, आणि या नोंदीवर एखाद्या कारवाईचा शेरा आहे का. लेखी आलेलं हे उत्तर पुढे प्रत्येक ठिकाणी जोडता येतं. संकेतस्थळाच्या स्क्रीनशॉटला तेवढं वजन नसतं.

अतिरिक्त पात्रतेचा मुद्दा तुमच्या प्रकरणात जास्त कामाचा. एमबीबीएसच्या नोंदीवर कुणी स्वतःला ‘लॅप्रोस्कोपिक सर्जन’ म्हणवत असेल तर आचारसंहितेचं कलम ७.२० वाचा. त्या शाखेची विशेष पात्रता नसताना विशेषज्ञ असल्याचा दावा करता येत नाही. पण इथे घाई नको. पाटीवरचं ‘एफसीपीएस’ पाहून लोक बिचकतात. ती मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची पात्रता आहे, १९१२ पासूनची संस्था, आणि महाराष्ट्रात ती वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. ‘एफएमएएस’ किंवा ‘एफआयएजीईएस’ या सर्जनांच्या संघटनांच्या फेलोशिप आहेत. त्या नोंदवहीत सापडल्या नाहीत म्हणून खोट्या ठरत नाहीत, आणि नुसत्या त्या आहेत म्हणून कुणी एमएस होत नाही. ‘एमडी (एएम)’ मात्र दिसलं तर सावध व्हा. ते ‘अल्टरनेटिव्ह मेडिसिन’ असतं आणि वैद्यक परिषदेच्या दृष्टीने ती पदवीच नव्हे.

समजा डॉक्टर आयुर्वेदाचा निघाला. तर तक्रार कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे जाईल. होमिओपॅथ असेल तर होमिओपॅथी परिषदेकडे. आयुर्वेद पदवीधराने पॅरासिटामॉल किंवा अँटिबायोटिक लिहून दिलं एवढ्यावर महाराष्ट्रात तक्रार उभी राहणं कठीण आहे, कारण राज्य शासनाने त्यांना आधुनिक औषधं वापरायची मुभा दिलेली आहे. होमिओपॅथीचं गणित वेगळं. पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं, की होमिओपॅथीची नोंद असलेल्याने ॲलोपॅथीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही. ते प्रकरण मुंबईतलंच होतं. नंतर राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांसाठी दार किलकिलं केलं. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना आणि शासन यांच्यात अजून रस्सीखेच चालू आहे. तो वाद औषधं लिहिण्याचा आहे. पित्ताशय काढण्याची परवानगी त्यातून कुणाला मिळत नाही.

आणि कोणत्याच नोंदवहीत नाव नसेल तर? मग परिषदेकडे जाऊन उपयोग नाही. जो नोंदलेलाच नाही त्याचं नाव काढणार कुठून? तो फौजदारी गुन्हा आहे. पोलिसांत आणि महापालिकेच्या वॉर्डातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे जायचं. भांडुपसाठी एस वॉर्ड. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याच्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

धरून चालू की डॉक्टर नोंदलेला एमएस सर्जन आहे. माझा अंदाज तोच आहे. मग पुढचा प्रश्न, आणि तो तुम्हाला आवडणार नाही. पित्तनलिकेला इजा होणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. दुर्बिणीने पित्ताशय काढताना ही इजा जाणत्या हातांकडूनही होते. सूज फार असेल, चिकटलेलं असेल, नळ्यांची ठेवण जन्मतःच वेगळी असेल तर धोका वाढतो. परिषदेच्या समितीत डॉक्टरच बसतात आणि आचारसंहितेचं कलम ८.६ सांगतंच, की व्यावसायिक अक्षमता समव्यावसायिकांनी ठरवायची. ‘नळी कापली’ एवढ्यावर ते डॉक्टरला दोषी धरणार नाहीत. ते पाहतात की कापण्याआधी रचना नीट ओळखली होती का, अडचण आली तर पोट उघडून ऑपरेशन करण्याचा निर्णय घेतला का, धोक्याची कल्पना देऊन संमती घेतली होती का, आणि इजा झाल्यावर ती ओळखायला किती वेळ लावला. तुमच्या आईच्या प्रकरणात जीव आहे तो या शेवटच्या प्रश्नात. पहिल्या संध्याकाळी ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत, काय आलं? लघवी कमी झाली का? सर्जन रात्री येऊन गेला का, की फक्त आरएमओने (नर्सिंग होममधल्या निवासी डॉक्टरने) त्याला फोनवर सांगून वेदनाशामक दिलं? सोनोग्राफी कधी केली? हलवायचा सल्ला कुणी दिला, डॉक्टरने की तुम्हीच हट्ट धरलात?

याची उत्तरं एकाच ठिकाणी आहेत, नर्सिंग होमच्या इनडोअर केस पेपरात. म्हणून सगळ्यात पहिलं काम तेच. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे. बहुतेक नर्सिंग होमच्या कार्डावर ‘सर्जन’ या रकान्यात दोन-तीन छापील नावं असतात, खाली एक गिरगटलेली सही, आणि ती सही बहुधा आरएमओची. प्रत्यक्ष ऑपरेशन कुणी केलं ते त्यावरून ठरत नाही. ते ठरतं ऑपरेशन नोटवरून आणि भूलतज्ज्ञाच्या नोंदीवरून. तुम्हाला हवं ते असं: दाखल करतानाची नोंद, संमतीपत्र, ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, त्यातला ताप-नाडी आणि ड्रेनचा तक्ता, सगळे रिपोर्ट, हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचा रिपोर्ट), आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग झालं असेल तर तेही. बिल मागायला विसरू नका. त्यात सर्जन आणि भूलतज्ज्ञाची फी वेगळी दाखवलेली असते, म्हणजे नावं तिथेही असतात.

‘केस पेपर आमची मालमत्ता आहे’ हे उत्तर तुम्हाला मिळालं, ते सगळ्यांनाच मिळतं. मूळ कागद त्यांच्याकडे राहतात हे खरं, पण प्रत हा तुमचा हक्क आहे. आचारसंहितेच्या कलम १.३ प्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि रुग्णाने किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितली की ७२ तासांत द्यायची. कलम ७.२ पुढे सांगतं, की न दिल्यास ते स्वतःच गैरवर्तन. इथे एक गंमत आहे. निष्काळजीपणा सिद्ध करायला तज्ज्ञ लागतात, वाद होतात, वर्षं जातात. ७२ तासांत कागद दिले नाहीत हे सिद्ध करायला लागतो एक अर्ज, त्यावरची पोच आणि कॅलेंडर. तुमच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम मुद्दा कदाचित हाच ठरेल. मात्र तोंडी मागणीला काडीची किंमत नाही.

अर्ज आईच्या सहीने करा. आई सही करू शकत नसेल तर तिच्या अंगठ्याचं, दोन साक्षीदारांचं अधिकारपत्र जोडून तुमच्या सहीने. उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या नावे एक आणि नर्सिंग होमच्या मालकाच्या नावे एक. वर सांगितलेले कागद नावानिशी लिहा, ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम नको. झेरॉक्सचा खर्च देऊ असंही लिहा, म्हणजे ती सबब राहत नाही. स्वतः नेऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. काउंटरवरच्या मुलीने शिक्का द्यायला नकार दिला, आणि ती देतेच नकार, तर वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. ईमेलही करा. प्रती मिळाल्या तर प्रत्येक पानावर नर्सिंग होमचा ‘सत्यप्रत’ शिक्का मागा आणि पानांची संख्या लिहून घ्या. नंतर एखादं पान वाढलं किंवा गळलं तर त्यावरून कळतं. ऑपरेशन नोटची शाई आणि अक्षर बाकीच्या नोंदींपेक्षा वेगळं वाटलं, किंवा सगळ्या दिवसांच्या नोंदी एकाच ओघात लिहिल्यासारख्या वाटल्या, तर ते टिपून ठेवा. आरोप म्हणून लिहू नका. समितीला मूळ कागद मागवता येतात, तेव्हा ते आपोआप समोर येतं.

दुसऱ्या रुग्णालयाचे कागद याहून कमी महत्त्वाचे समजू नका. एमआरसीपीचा (पित्तनलिकांच्या एमआरआयचा) रिपोर्ट आणि दुसऱ्या सर्जनची ऑपरेशन नोट यांत इजा नेमकी कुठे आहे, नळीवर क्लिप बसलेली होती का, पोटात किती पित्त साचलेलं होतं, हे लिहिलेलं असतं. तो सर्जन ‘पहिल्याने चूक केली’ असं लिहून देणार नाही. मागूही नका, माणूस अवघडतो आणि पुढे मदतही करत नाही. त्याने पोटात काय पाहिलं त्याची नोंद पुरेशी आहे.

हे हातात आलं की तक्रार लिहायची. परिषदेचं कार्यालय चिंचपोकळी पश्चिमेला साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्याजवळ आनंद कॉम्प्लेक्समध्ये आहे. तक्रार नाव-पत्त्यासह, प्रतिज्ञापत्रासोबत द्यायची. निनावी पत्राची दखल घेतली जात नाही. किती संच लागतील आणि नमुना काय, ते जाण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या. डॉक्टर जितके, तितके संच वाढतात हे लक्षात असू द्या. त्यासाठी आधी ठरवा की तक्रार कुणाकुणाविरुद्ध. सर्जन आहेच. आरएमओ बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथ, असेल तर तो या परिषदेच्या कक्षेत नाही, त्याचं नाव इथे घालून उपयोग नाही. भूलतज्ज्ञाविरुद्ध काही म्हणणं नसेल तर त्याला ओढू नका. सगळ्यांना आरोपी केलं की सगळे एकत्र होतात, आणि ज्याच्या तोंडून खरं बाहेर येऊ शकलं असतं तोही बंद होतो.

तक्रारीचा मजकूर दोन-तीन पानांत बसवा. तारीख, वेळ, काय झालं, कोणत्या पानावर त्याचा पुरावा. म्हणजे असं: ‘१४ तारखेला रात्री ९ वाजता ड्रेनमध्ये ३०० मिलि हिरवट द्रव, नर्सिंग चार्ट पान १७. १५ तारखेला सकाळी ११ पर्यंत डॉक्टरांच्या राउंडची नोंद नाही, पान ९. १६ तारखेला ताप १०२, सोनोग्राफी केली नाही.’ डॉक्टर वाचणाऱ्याला या तीन ओळींत सगळं कळतं. ‘माझ्या आईच्या जिवाशी खेळ केला’ या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही. शेवटी प्रत्येक गैरवर्तनाचं कलम स्वतंत्र लिहा: कागद न देणं ७.२, संमतीचा घोळ असेल तर ७.१६, पात्रतेचा दावा असेल तर ७.२०. निष्काळजीपणा या सगळ्यांनंतर. कट प्रॅक्टिसचा, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेतल्याचा, संशय तुम्ही लिहिला आहे. पुरावा नसेल तर तो मजकूर गाळा. त्याने बाकीची तक्रारही हलकी होते.

एक सावधगिरी. २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाने नवी आचारसंहिता काढली आणि तीन आठवड्यांत तहकूब केली. चालू आहे ती २००२ चीच. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यांत २०२३ ची कलमं असतात, ती टाकलीत तर सुरुवातच चुकते.

पुढे काय होतं ते असं. तक्रारीची छाननी होते, डॉक्टरला प्रत जाते, तो लेखी उत्तर देतो, तुम्हाला प्रत्युत्तराची संधी मिळते, मग सुनावणी. चौकशीत परिषदेला दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार असतात. नियमात सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, वर्ष-दोन वर्षं धरून चला. शेवटी तक्रार फेटाळली जाते, किंवा डॉक्टरला ताकीद मिळते, किंवा ठरावीक काळासाठी नाव नोंदवहीतून काढलं जातं. कायमचं नाव काढणं अगदी क्वचित. म्हणून ‘लायसन्स रद्द होईल का’ याचं खरं उत्तर: एका प्रकरणात, पहिल्याच वेळी, जवळजवळ नाही. काही महिन्यांसाठी नाव निघालं तरी ती मोठी शिक्षा असते, कारण त्या काळात त्याला साधं सर्दीचं औषधही लिहिता येत नाही. नर्सिंग होम मात्र दुसऱ्या डॉक्टरांच्या जिवावर चालूच राहतं. नर्सिंग होमची नोंद १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली महापालिका ठेवते. दरपत्रक लावलेलं नाही, रुग्णहक्कांची सनद लावलेली नाही, कागद देत नाहीत, अशा गोष्टींसाठी एस वॉर्डात वेगळा अर्ज द्या. तो अर्ज लवकर हलतो आणि कधीकधी त्यानेच केस पेपर सुटतात.

पैशाचं बघू. परिषद एक रुपयाही भरपाई देऊ शकत नाही, तो तिचा अधिकारच नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्यासाठी मुंबई उपनगरचा. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलं आहे. आयोगाची मर्यादा तुम्ही मागता त्या भरपाईवर ठरत नाही, पहिल्या नर्सिंग होमला दिलेल्या बिलावर ठरते. ते ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षं. आणि इथेच लोक घात करून घेतात: परिषदेचा निकाल येऊ दे, मग ग्राहक आयोगात जाऊ, असं म्हणत थांबतात आणि दोन वर्षं उलटतात. परिषदेतली तक्रार ग्राहक आयोगाची मुदत थांबवत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. परिषदेने दोषी धरलं तर तो आदेश आयोगापुढे जोरदार पुरावा ठरतो, पण आयोगाला तो बंधनकारक नाही, आणि परिषदेने सोडलं तरी आयोगातलं प्रकरण संपत नाही. तुमचे पाच महिने गेले आहेत. कागद हातात आले की दोन महिन्यांच्या आत ग्राहक आयोगाचं काम एखाद्या वकिलाकडे द्या.

पोलिसांत जाण्याचा सल्ला तुम्हाला कुणी दिला आहे. आई वाचली आहे, बरी होते आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ढोबळ, अक्षम्य असावा लागतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं निःपक्ष मत घ्यावं लागतं, मुंबईत ते सहसा जे.जे. रुग्णालयाच्या समितीकडून येतं. ती समिती ‘ज्ञात गुंतागुंत’ असं मत देऊन मोकळी झाली, तर डॉक्टर तेच मत परिषदेत आणि ग्राहक आयोगात फडकवतो. तुमच्या जागी मी आत्ता या वाटेला जाणार नाही.

सुनावणीच्या दिवशी आईला नेता येत असेल तर न्या. टाके किती, ड्रेन कुठे होता, आता काय खाता येतं, हे तिला विचारलं जातं आणि ती सांगते ते कागदापेक्षा स्वच्छ असतं. नसेल येत तर तिचं प्रतिज्ञापत्र आधीच द्या. मूळ कागद सोबत ठेवा पण हातचे देऊ नका, प्रती द्या. तारीख पुढे ढकलली गेली तर पुढची तारीख तिथेच लिहून घ्या.

निकाल विरोधात गेला तर अपिलाचा गुंता आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. २००२ च्या आचारसंहितेचं कलम ८.८ सांगतं की कोणीही बाधित व्यक्ती आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करू शकते. २०१९ च्या कायद्यात मात्र अपिलाचे शब्द डॉक्टरपुरतेच लिहिले गेले आणि त्याच कारणाने रुग्णांची अपिलं परत आलेली आहेत. तरी ६० दिवसांच्या आत ८.८ चा हवाला देऊन राष्ट्रीय आयोगाकडे अपील दाखल करा. परत आलं तर त्या नकारासकट उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वेळेत अपील केलंच नव्हतं असं तिथे कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी हे. परिषदेचा आदेश ज्या पाकिटातून येईल ते पाकीट फाडून टाकू नका, आदेशाला टाचून ठेवा. ६० दिवस आदेशावरच्या तारखेपासून नाही, तुमच्या हातात पडल्यापासून मोजतात, आणि तो कधी पडला हे त्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काच सांगतो.